नकोशीचा नकाशा

ॲडलीन येन मा यांचे ‘फॉलिंग लीव्ह्ज’ हे आत्मकथन १९९७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. तिआनजिनमधल्या एका सधन व्यापारी घरात पाचवे अपत्य म्हणून जन्मलेल्या, जन्मानंतर काही दिवसांतच आई प्रसूतिज्वराने गेल्यामुळे पांढऱ्या पायाची ठरलेल्या आणि पुढे बापालाही नको आणि सावत्र आईलाही नको अशा अवस्थेत वाढलेल्या मुलीची ती हकिकत आहे. पुस्तक वाचताना मला मारहाणीच्या प्रसंगांपेक्षा त्यातली अंतरे अधिक छळत राहिली. घरापासून शाळा किती लांब होती, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला कोणाला परवानगी होती, आणि ज्या शहरातून माणसे जीव मुठीत धरून पळत होती त्याच शहरात या मुलीला विमानात बसवून का नेले, हे प्रश्न नकाशा समोर ठेवल्याशिवाय सुटण्यासारखे नव्हते. भाची नोकरीनिमित्त शांघायमध्ये राहते. तिच्याकडे जायचे ठरले तेव्हाच मी तिला सांगून टाकले की मला चीनची भिंत नको आणि मातीचे सैनिकही नकोत. तिआनजिन, शांघाय, पुन्हा तिआनजिन आणि मग हाँगकाँग असे या मुलीला जसे फिरवले गेले तसेच मला फिरायचे आहे. एकाच शहरात दोनदा जाणे म्हणजे पैशांची नासाडी आहे, असे तिचे मत पडले. तिने तिकिटे मात्र काढली, आणि पहिल्या टप्प्यासाठी ती बीजिंगला येऊन थांबली.

सोमवार, तिआनजिन

बीजिंगच्या विमानतळावर परदेशी प्रवाशाला आगमनाचा तक्ता भरून द्यावा लागतो. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, मुक्कामाचा पत्ता असे नेहमीचेच रकाने असतात. १९४८ साली शांघायहून तिआनजिनला निघालेल्या विमानात ॲडलीनच्या वडिलांपुढे असाच एक कागद आला होता आणि त्यांचे पेन दोन ठिकाणी अडले. मुलीचे चिनी नाव त्यांना आठवेना, म्हणून ते त्यांनी तिलाच विचारले. जन्मतारीखही आठवेना, आणि ती तर तिलाही ठाऊक नव्हती, कारण घरात तिचा वाढदिवस कधी साजराच झाला नव्हता. अखेर त्यांनी स्वतःची तारीख, ३० नोव्हेंबर, तिच्या नावापुढे लिहून टाकली आणि पुढे आयुष्यभर तीच तिची जन्मतारीख झाली. साताऱ्यात २०११ साली ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली होती, ते या वेळी आठवल्याशिवाय राहिले नाही. तिथे आईबापांनी नावडतेपण निदान नावात नोंदवून ठेवले होते. इथे बापाला नावच आठवत नव्हते. दोन्हींतले अधिक वाईट कोणते याचा निवाडा मी करणार नाही.

बीजिंगहून तिआनजिनला वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोहोचवते. स्थानकाबाहेर पडले की हाय नदी आणि तिच्यावरचा १९२७ सालचा पोलादी पूल समोर येतो, आणि पुलाच्या पलीकडे पूर्वीची फ्रेंच वसाहत सुरू होते. एके काळी या एका शहरात नऊ परकीय सत्तांच्या वसाहती होत्या, प्रत्येकीचे कायदे वेगळे आणि पोलीसही वेगळे. जुलै १९३७ मध्ये जपान्यांनी शहर घेतले तेव्हा पाश्चात्त्यांच्या वसाहतींना त्यांनी लगेच हात लावला नाही, आणि त्याच वर्षी, फ्रेंच पोलिसांच्या छायेत, हे मूल जन्माला आले. साधारण त्याच काळात आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस शेजारच्या हबेई प्रांताच्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. इकडे नदीकाठी कॅथलिक शाळा, फ्रेंच पाव आणि आयात-निर्यातीचा धंदा चालू होता. एकाच युद्धाची ही दोन टोके मी तरी आजवर एकत्र धरून पाहिली नव्हती.

दुपारी शीकाय चर्च पाहिले. पिवळ्या-तांबड्या विटांचे पट्टे आणि हिरवट घुमट असलेली ही भक्कम इमारत फ्रेंचांनी १९१० च्या दशकात बांधली. या भागावर हक्क सांगण्याच्या त्यांच्या प्रयत्नावरून १९१६ साली शहरात मोठा असंतोषही उसळला होता. येन कुटुंबात आजोबा बौद्ध आणि वडील कॅथलिक, म्हणजे धर्माच्या बाबतीतही घर दुभंगलेलेच होते. पहिल्या बायकोच्या मृत्यूनंतर वडिलांनी फ्रेंच-चिनी वंशाच्या, वयाने बऱ्याच लहान आणि दिसायला देखण्या अशा तरुणीशी लग्न केले. मुलांनी तिला ‘न्यांग’ म्हणायचे, असे ठरले. लग्नानंतर पाचही सावत्र मुलांना युरोपीय नावे मिळाली आणि जुन-लिंग या मुलीची ॲडलीन झाली.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला च्येनबिंग खाल्ले. मुगाच्या पिठाचे धिरडेच ते. तव्यावर पीठ पसरून त्यावर अंडे फोडतात आणि वरून पातीचा कांदा, तिखट सॉस आणि तळलेली कुरकुरीत पट्टी घालून घडी करतात.

मंगळवार, तिआनजिन ते शांघाय

दिवस बहुतेक गाडीत गेला. तिआनजिन ते शांघाय हे अंतर आता पाच तासांच्या आसपास कापले जाते. बाहेर शेते, उंच इमारतींचे झुबके आणि पुन्हा शेते एवढेच दिसत होते. जपान्यांनी धंद्यात घुसायला सुरुवात केली तेव्हा ॲडलीनचे वडील तिआनजिनमधून गुपचूप निसटून शांघायला गेले. मुले मागे राहिली. लहानपणीच पाय बांधले गेलेली आजी वारली आणि मग एकेक करून घर दक्षिणेला सरकले.

गाडीत भाचीने एक प्रश्न विचारला, आणि तो मला योग्य वाटला. एवढ्या सगळ्यात त्या मुलीचे म्हणावे असे कोणीच नव्हते का? होते. तिची अविवाहित आत्या होती. ॲडलीन बालवर्गात पहिली आली तेव्हा मिळालेले प्रशस्तिपत्र या आत्याने आपल्या कुलपाच्या पेटीत ठेवले. पेटीत जेडची बांगडी होती, मोत्यांचा सर होता, हिऱ्यांचे घड्याळ होते. त्यांच्या पंगतीला तो कागद गेला आणि पेटीची किल्ली आत्याच्या गळ्यातल्या साखळीत गेली. पुढेही ॲडलीनचे शाळेचे निकाल आत्या जपून ठेवत असे. ‘माय मरो, मावशी जगो’ हे आपल्याकडे किती सहज म्हटले जाते, असे मी म्हणताच भाची हसून म्हणाली, “मावशी, हे तू स्वतःसाठीच काढलंस ना?”

बुधवार, शांघाय

पूर्वीचा ॲव्हेन्यू जोफ्र म्हणजे आजचा हुआयहाय मार्ग. आधीच्या रस्त्याला फ्रेंच सेनापतीचे नाव होते. १९५० साली कम्युनिस्टांनी आपल्या विजयी मोहिमेचे नाव दिले. दुतर्फा आपल्या काश्मीरच्या चिनाराच्या जातीची झाडे आहेत, त्यांच्या खोडांची साल पोपडे सुटल्यासारखी गळून खाली पिवळट-हिरवे डाग उघडे पडतात, आणि फांद्या रस्त्यावर इतक्या वाकतात की दुमजली बसचे छप्पर पानांना घासावे. येन कुटुंबाचे घर याच मार्गालगतच्या एका गल्लीत होते. शांघायच्या या गल्ल्यांना लोंगतांग म्हणतात. मोठ्या रस्त्यावर दुकानांच्या रांगेत एक कमान असते, कमानीवर गल्लीचे नाव, आणि आत शिरले की दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागलेली घरे.

अशा एका गल्लीत आम्ही बराच वेळ थांबलो. पुढच्या बाजूला दगडी चौकटीची काळी दारे होती आणि ती बहुतेक बंदच होती. खरी वर्दळ मागच्या बाजूला होती. तिथे स्वयंपाकघरांची दारे उघडतात, खिडकीबाहेर काढलेल्या बांबूंवर कपडे वाळत असतात, विजेच्या दुचाक्यांना वरून सोडलेल्या तारांनी चार्जिंग चालू असते आणि एका आजीबाई बुटक्या स्टुलावर बसून हिरव्या शेंगा सोलत असतात. हे दार आणि ते दार यांच्यात फार तर वीसेक पावलांचे अंतर असेल. येनांच्या घरात ते अंतर माणसांची प्रतवारी ठरवत होते. न्यांग, वडील आणि त्यांची दोन मुले एका मजल्यावर. आजोबा, आत्या आणि पहिल्या बायकोची पोरे त्याच्या वरच्या मजल्यावर. न्याहारीला खालच्यांना अंडी, लोणी, पाव आणि फळे. वरच्यांना तांदळाची पेज आणि खारवलेली भाजी. घर एक, स्वयंपाकी एक, आणि पैशाला तर तोटाच नव्हता. हे कोणाच्या गरिबीतून आलेले नव्हते, ते मुद्दाम आखलेले होते.

आजोबांचे काय, असे वाचकाला वाटते. चिनी घरात वडीलधाऱ्याचा शब्द शेवटचा असतो अशी आपली समजूत असते, आणि ती खोटी नाही. पण या आजोबांनी आपली सगळी पुंजी विश्वासाने मुलाच्या हाती दिली होती आणि ती मुलाकडून सुनेच्या सहीखाली गेली. त्यानंतर स्वतःच्या किरकोळ खर्चालाही त्यांना हात पसरावा लागे. नातवंडांना ट्रामच्या भाड्यापुरती नाणी ते आधी गुपचूप देत. ती संपली आणि ट्रामही संपली. भाडे हवे असेल तर न्यांगकडे येऊन मागा, असा निरोप आला. बाकीची भावंडे एकेक करून खाली गेली आणि मागून आली. ॲडलीन गेली नाही, ती पायी जाऊ लागली. आजोबांना भीक मागायला लावणाऱ्या माणसाकडे आपण मागायचे नाही, एवढे त्या लहान मुलीला कळले होते.

याच घराच्या बागेत मॅग्नोलियाचे झाड होते आणि त्याखाली तिने आपले बदकाचे पिल्लू पुरले. मुलांना पिल्ले भेट मिळाली तेव्हा वाटपात तिचा नंबर शेवटचा, म्हणून सगळ्यांत किरकोळ पिल्लू तिला मिळाले होते. वडिलांना आपल्या शिकवलेल्या कुत्र्याचा आज्ञाधारकपणा पाहायचा होता. त्यासाठी तिचेच पिल्लू हिरवळीवर ठेवले गेले. कुत्र्याने आज्ञा पाळली नाही. पांढरा मॅग्नोलिया हे १९८६ पासून शांघायचे अधिकृत फूल आहे. बसथांब्यांवर आणि फलकांवर तो जागोजागी दिसतो, आणि हे प्रकरण वाचून आलेल्या माणसाला तो जरा जास्तच दिसतो.

गुरुवार, शांघाय

घर ते शाळा हे अंतर पुस्तकात साधारण दीड मैल आहे. मी मोबाइलमध्ये तेवढे अंतर मोजून हुआयहाय मार्गावर चालले. रमतगमत चाळीसेक मिनिटे लागली. मध्ये मोठमोठे चौक आणि दुचाक्यांचे लोंढे लागले. चालायला ते काही अवघड नाही. त्या वयाच्या मुलीने, पावसात, शेजारून खडखडत जाणाऱ्या ट्राममध्ये स्वतःची भावंडे बसलेली असताना रोज चालायचे, हा भाग मात्र मोबाइल मोजून देत नाही.

या शाळेच्या पहिल्याच दिवशी तिला घ्यायला कोणी आले नाही. वाट पाहून ती एकटीच निघाली आणि रस्ता चुकली. अंधार पडल्यावर एका खाणावळीत शिरून, पाठ केलेला घरचा टेलिफोन क्रमांक फिरवून, तिने स्वतःच स्वतःचा पत्ता लावला. तोवर ती हरवली आहे हे घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. वडील तिला घ्यायला आले. घरी परतल्यावर त्यांनी तिच्या हातात शांघायचा नकाशा दिला आणि तो वाचायला शिकलीस तर पुन्हा चुकणार नाहीस, असे बजावले. आजोबांच्या मदतीने ती त्याच रात्री नकाशा वाचायला शिकली. सबंध पुस्तकात बापाने मुलीला दिलेली इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही, आणि इतकी कोरडीही नाही.

भाचीचे म्हणणे असे की सगळी सूत्रे सावत्र आईच्या हातात होती, मग बापाला कशाला दोष द्यायचा? मला हे मुळीच पटत नाही. न्यांग दुष्ट होती यात शंका नाही. पण सावत्र आईची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असल्यामुळे आपले बोट आपोआप तिच्याकडे वळते आणि बाप मोकळा सुटतो. धंदा वडिलांचा होता, ट्रामचे भाडे त्यांच्या खिशातून जात होते, विमानात शेजारी बसून तारीख विसरणारेही तेच होते. लेखिकेने मुलांसाठीच्या आवृत्तीला ‘चायनीज सिंड्रेला’ असे नाव दिले, ते खपाच्या दृष्टीने चोख असेल. माझ्या मते मूळ पुस्तकातले सगळ्यांत अवघड पात्र त्या नावामुळे पडद्याआड जाते.

परत येताना नानजिंग मार्गावर गेलो. याच मार्गावर ॲडलीनच्या आजोबांच्या बहिणीची बँक होती. येन शू-ह या बाईंनी १९२४ साली शांघायमध्ये स्त्रियांची बँक सुरू केली आणि ती नावारूपाला आणली. पाय बांधून घ्यायला त्यांनी लहानपणीच नकार दिला होता. घरात त्यांना पुरुषांचा मान होता आणि नातेही पुरुषाचेच लावले जाई. आत्या त्यांच्याच बँकेत नोकरी करत होती. म्हणजे मुलगी म्हणून जन्मलेल्या माणसाला या घराण्यात काही किंमतच नव्हती, असेही म्हणता येत नाही. त्यामुळेच ही कथा ‘चिनी समाजात मुलींचे हाल’ अशा सरसकट शीर्षकाखाली ढकलून देणाऱ्यांशी माझे जमत नाही.

शुक्रवार, पुन्हा तिआनजिन

भाची कामावर गेली आणि मी एकटीच विमानाने उत्तरेला आले. दोन तासांचा प्रवास, विमान भरलेले, शेजारी लॅपटॉपवर कोष्टके भरणारा तरुण.

ॲडलीनला इकडे आणले ते १९४८ च्या शरद ऋतूत. ती वर्गप्रमुख म्हणून निवडून आली होती आणि तिचा आनंद साजरा करायला मैत्रिणी न सांगता घरी आल्या होत्या. घरी मैत्रिणी आणायच्या नाहीत, असा नियम होता. खाली मैत्रिणी बसलेल्या असताना न्यांगने तिला वर बोलावून मारले, आणि थोड्याच दिवसांत तिला घरातून हलवण्याचे ठरले. तिआनजिनला, बालपणीच्या त्याच सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये, तिला वसतिगृहात ठेवण्यात आले. तिला भेटायला कोणी येऊ द्यायचे नाही, पत्रे द्यायची नाहीत, अशी ताकीद जोगिणींना दिली गेली. आत्या शांघायमध्ये, ही इथे, आणि मधली टपालाची वाटही बंद.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस बीजिंग-तिआनजिनची मोहीम सुरू झाली आणि १५ जानेवारी १९४९ रोजी तिआनजिन कम्युनिस्टांच्या हाती पडले. म्हणजे ज्यांच्याजवळ चार पैसे होते ते सगळे दक्षिणेला सरकत असताना, चार पैसे भरपूर असलेल्या या बापाने एका मुलीला नेमके उलट दिशेला नेऊन ठेवले, आणि स्वतः बाकीच्या मोजक्या मंडळींसह हाँगकाँगची तयारी केली. वसतिगृहातल्या मुली एकेक करून पालकांबरोबर निघून गेल्या. शेवटी वर्गात आणि जेवणघरात ती एकटीच उरली.

जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या रस्त्यांवरून मी दुपारभर फिरले. बँकांच्या खांबवाल्या इमारती अजून उभ्या आहेत, बिनच्यांग मार्गावर खरेदीची झुंबड होती आणि चर्चसमोर नवरा-नवरी फोटो काढून घेत होते. १९४८ च्या डिसेंबरातले काही इथे शिल्लक नाही. पण शांघायपासून इथवर येताना खाली जो अफाट मुलूख सरकत गेला, त्याने पुस्तकातली ती पाने मला नव्याने कळली. शाळा बदलणे वेगळे, आणि लढाईच्या तोंडाशी मूल नेऊन ठेवून परत जाणे वेगळे.

तिची सुटका केली ती न्यांगच्या सख्ख्या बहिणीने. ती आपल्या मुलांना घेऊन शहर सोडत होती. वाटेत वसतिगृहात डोकावली आणि या पोरीलाही बरोबर घेऊन जहाजाने हाँगकाँगला गेली. ज्या घरातून न्यांग आली त्याच घरातून ही बाई आली होती.

रविवार, हाँगकाँग

हाँगकाँगसाठी भारतीयांना येण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती भाचीने आधीच करून दिली होती. सकाळी सेंट्रलहून सरकत्या जिन्यांनी वर चढत केन रोडला आले. हे जिने १९९३ सालचे आहेत. त्यापूर्वी ही सगळी चढण पायीच होती. इथे कनोसियन जोगिणींनी १८६० साली शाळा सुरू केली. आपल्याकडे माहीमची कनोसा शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा पंथ अनोळखी नाही. हाँगकाँगला आलेल्या मुलीला चार दिवसही घरात न ठेवता याच सेक्रेड हार्टच्या वसतिगृहात घातले गेले.

न्याहारीच्या वेळी इथे उकडलेली अंडी वाटली जात, पण ती शाळेची नसत. घरच्यांनी आणून दिलेल्या अंड्यांवर त्या त्या मुलीची खूण घालून ती उकडली जात आणि मग पुकारून दिली जात. कोणावर घरी किती माया आहे हे रोज सकाळी सगळ्या जेवणघराला ऐकू येई. ॲडलीनच्या नावाचे अंडे कधी आले नाही. रविवारी पालकांच्या भेटीची वेळ असे तेव्हा ती वाचनालयात जाऊन बसे.

तिथेच तिने एका आंतरराष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेची माहिती वाचून नाटक लिहून पाठवले आणि चौदाव्या वर्षी पहिले बक्षीस मिळवले. बातमी वर्तमानपत्रात आली. वडिलांना ती एका परिचिताने लिफ्टमध्ये दाखवली, आणि चारचौघांत मान उंचावल्यामुळे त्यांनी तिला घरी बोलावून घेतले. तिने शिकायला इंग्लंडला जाऊ द्या असे मागितले, त्यांनी होकार दिला. तिला साहित्य शिकायचे होते, त्यांनी वैद्यक ठरवले. १९५२ साली ती निघाली, लंडनला डॉक्टर झाली आणि पुढे कॅलिफोर्नियात भूलतज्ज्ञ म्हणून तिने काम केले. मुलांसाठीचे पुस्तक इंग्लंडच्या त्या परवानगीपाशी थांबते, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला शेवट गोड झाल्यासारखा वाटतो.

मोठ्यांचे पुस्तक तसे थांबत नाही. वडील १९८८ साली वारले आणि न्यांगने त्यांच्या मृत्युपत्राचे वाचन लांबणीवर टाकले. १९९० साली न्यांगही गेली, तेव्हा तिच्या मृत्युपत्रात ॲडलीनला काहीच ठेवलेले नव्हते. तोवर ती पन्नाशी ओलांडलेली, स्वतःच्या कमाईवर सुस्थितीत असलेली बाई होती. प्रश्न पैशाचा नव्हता. तरीही कागदावर आपले नाव कुठेतरी असेल म्हणून ती शोधत राहिली, एवढे त्या प्रकरणांवरून स्वच्छ दिसते. आत्या मात्र शांघाय सोडून कधी गेली नाही. सांस्कृतिक क्रांतीचे हालही तिने तिथेच सोसले आणि म्हातारपणी ॲडलीनशी तिची पुन्हा भेट झाली.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर शांघायहून थेट हाँगकाँगला येण्याचा मोह टाळावा आणि मधली तिआनजिनची उलटी फेरी जरूर करावी. भाचीला मी रात्री फोनवर हेच सांगितले. तिने विमानाचे भाडे पुन्हा एकदा ऐकवले, आणि मग मोठ्यांचे पुस्तक माझ्याकडे आहे का, असे विचारले.